मामांच्या मिशा अंदमानात राहिल्या

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणापाशी. दूध नाही उतू जात, गॅस बंद करूनच आले मी. गुरुजींची धाकटी आली परत! काल रात्रीच्या गाडीनं. मी सकाळी सडा टाकत होते, तर समोरून एक काळी ठिक्कर पोरगी, केस मक्याच्या कणसासारखे भुरके झालेले, आणि मला म्हणते, "काकू, ओळखलं नाही का?" आता काय बोलावं…

अख्खा उन्हाळा त्या हॅवलॉकला काढून आली हो. २०१८ मध्ये त्याचं स्वराज द्वीप झालं, तरी तिच्या तोंडी हॅवलॉकच. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण गुरुजींशिवाय तसं कोणी म्हणत नाही. आपण तरी काय, २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, आणि परवा गॅसच्या फॉर्मवर मी छिंदवाडाच लिहून आले.

तर काय सांगत होते… हं. होळी झाली आणि ही निघाली, तो दिवस आठवतो ना तुम्हाला? नागपूरहून रेल्वेनं चेन्नई, आणि तिथून जहाजानं जवळजवळ तीन दिवस! विमान असताना जहाज काहून, तर म्हणे अनुभव घ्यायचाय. आजी ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. कोणीतरी सांगितलं, नात अंदमानला चालली. त्यांच्या हातातली पाकळी हातातच राहिली. "काळ्या पान्यावर? काहून वं माय, पोरीनं कोनाचा मुडदा पाडला का?"

हसू नका. त्यांच्या वयाच्या माणसाला अंदमान म्हणजे कोलू आणि बेड्या. सरकार धरून नेत असे तिथे, आणि ही स्वतःच्या पैशानं तिकीट काढून चालली! तिची आई बिचारी गुपचूप सौसरच्या पुढे जामसावळीला जाऊन नवस बोलून आली. मला म्हणाली, समुद्र ओलांडायचा अनुभव त्याच देवाला आहे. ते खरंच हो, पण आपला जामसावळीचा मारुती तर निजलेला…

आणि सौसरच्या स्थळाचं काय झालं, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. नाही? अहो, एप्रिलात पाहायला येणार होते ना ते लोक! आत्यांनी जमवून आणलेलं. मुलाची आई आत्यांच्या घरी सोफ्यावर बसून म्हणाली, "आम्हाला घरात राहणारी सून पाहिजे, पाण्यात राहणारी नको." आत्यांनीच सांगितलं मला, चहा गाळता गाळता. सांगताना चेहरा असा उतरला होता, की चहा बशीत सांडला तरी लक्ष नाही.

तिथे करायची काय, विचाराल तर नोकरी अशी नाही. डायव्हिंग शिकवणाऱ्यांकडे राबायचं, त्याच्या बदल्यात शिकायचं. सकाळी उठून सिलिंडर होडीवर चढवा, आलेल्या पाहुण्यांना रबरी सूट घालून द्या, संध्याकाळी तेच सूट गोड्या पाण्यात धुऊन वाळत घाला. घरी ताट उचलून ठेवत नव्हती हो ही! तिची आई ऐकून थक्क झाली. गुरुजी मात्र गल्लीभर सांगत सुटले, "पाठीवर ऑक्सिजन बांधून समुद्रात जाते आमची." तर पोरीनं फोनवरूनच दुरुस्ती केली, "बाबा, ऑक्सिजन नाही, साधी हवाच असते, दाबून भरलेली." गुरुजींचा चेहरा पडला थोडा. ऑक्सिजन म्हटलं की वजन येतं ना बोलण्याला.

तिला म्हणे सगळ्यात लवकर जमलं. बंगलोरची, दिल्लीची मुलं कान धरून वर येत होती, आणि ही खाली. त्याचं कारण मला विचारा! वावरातल्या विहिरीत पोहायला शिकलेली पोरगी ती. पाठीला डबा बांधून तिच्या आजोबांनीच ढकललं होतं, नंतर काठावरून सूर मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायची. खाली गेलं की कानात दडा बसतो, नाक दाबून हळूच फुंकलं की कान मोकळे होतात, हे तिला विहिरीतच कळलेलं. समुद्रातही तेच. दहा मीटर गेलं की वरच्या हवेइतका आणखी एक दाब अंगावर येतो म्हणे, आणि त्यांच्या पहिल्या पक्क्या कोर्सला अठरा मीटरपर्यंत जाऊ देतात. श्वास मात्र रोखून धरायचा नाही, कधीच नाही. आणि खाली बोलता येत नाही, म्हणून सगळं खुणांनी. अंगठा वर केला की 'मस्त' नव्हे हं, त्याचा अर्थ 'चला वर'. मस्त म्हणायचं तर अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचा. गल्लीतली पोरं आता तोच गोल करत फिरून राहिली.

अहो, आणि तो व्हिडिओ कॉल! मी तिथेच होते. आपल्याकडे पावणेसहा, ऊन नुसतं रणरणतंय, कूलरसमोरून उठवत नाही. फोन लावला तर तिकडे दिवस बुडून अंधारून आलेलं. आजी घाबऱ्या झाल्या. "रातच्याले बाहेर काय करून राहिली वं तू?" ती म्हणते, आजी, पावणेसहाच वाजलेत. आजींना वाटलं, पोरगी खोटं बोलते. गुरुजींनी नकाशा काढून समजावलं, की ते बेट पार पूर्वेला, ब्रह्मदेशाच्या खाली, पण घड्याळ आपलंच. म्हणून तिथे पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि साडेपाच-पावणेसहाला दिवस बुडतो. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग घड्याळ चुकीचं हाय त्याहिचं."

पण आजी वळल्या कशा, माहीत आहे? त्या बेटावरच्या गावांची नावं ऐकून. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर! फाळणीनंतर पूर्व बंगालातून निराधार होऊन आलेल्या लोकांना सरकारनं तिथे वसवलं, तीच ही वस्ती. त्यामुळे पोरगी बंगालीही बोलायला लागली थोडंथोडं. आजी माळकरी. गावांची नावं ऐकल्यावर म्हणाल्या, "असं हाय का? मंग राहू दे तिले." त्या राधानगरचा किनारा तर जगभर नावाजलेला आहे, स्वच्छतेचा ब्लू फ्लॅग आहे त्याला. तिकडेच खाऱ्या पाण्यातल्या मगरीपासून सावध राहा म्हणून पाट्याही लावल्यात. हे तिच्या आईला अजून माहीत नाही, तुम्ही बोलू नका.

माशांचं विचारताय ना? माळकऱ्याच्या घरची पोर, चारी बाजूंनी समुद्र, तेव्हा… मी विचारलं हो सरळ. तर म्हणते, "काकू, तिथे नारळ फार गोड मिळतात." आता तुम्हीच काय ते समजा.

तर काय सांगत होते, मामा! मामांचंच तर सांगायचं होतं. सावरगावचे मामा, पोस्टातले. त्यांनी ठरवलं, पोरीला परत आणायचं. केंद्र सरकारची नोकरी, एलटीसीवर अंदमानला विमानानं जाता येतं, मग काय, मामी आणि गुरुजींना घेऊन निघाले. गुरुजींचं तिकीट गुरुजींचं. निघताना आपल्या चौकात उभं राहून म्हणाले, "कान धरून आणतो." त्याआधी फोनवर तिला दटावलंही होतं, की पाण्याखाली जिवाला धोका असतो. त्यावर ती काय म्हणाली असेल? "मामा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही जाम नदीत उभे राहून पांढुर्णावाल्यांनी फेकलेले दगड खाता. डोक्याला टाके पडलेत तुमच्या. आणि धोका मला सांगता?" मामींनी स्पीकर चालू ठेवला होता. मामांनी फोन ठेवला, आणि मामी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसल्या. मला त्यांनीच सांगितलं.

तिथे पोचले, पोरीनं दोन दिवस फिरवलं, आणि तिसऱ्या दिवशी मामाच म्हणायला लागले, मीही जाऊन पाहतो खाली! पोहता येत नाही हो त्यांना. पण नवख्या माणसाला शिकवणारा स्वतः धरून नेतो, बारा मीटरच्या आत, पोहणं यावंच लागतं असं नाही. सगळं ठीक, पण तोंडावर तो काचेचा मास्क बसेना. सारखं पाणी आत. कारण मिशा! मिशांतून फट राहते म्हणे. शिकवणाऱ्यानं सांगितलं, थोडं व्हॅसलिन लावा, चालून जाईल. पण मामांना लागला ना अपमान, चार पोरी हसल्या म्हणून. हॉटेलवर गेले आणि सरळ वस्तरा! मामी म्हणतात, "लग्नापासून सांगून राहिले, मिशा कमी करा, खीर खाताना दिसत नाहीत बऱ्या. माझ्यासाठी नाही केल्या, माशांसाठी केल्या."

आणि खाली जाऊन आलेला माणूस बदलूनच आला. नारिंगी मासे पाहिले, हे एवढं कासव पाहिलं, संध्याकाळभर तेच. दुसऱ्या दिवशी परतायचं, तर पोरीनं अडवलं. डायव्हिंग झाल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं, अठरा तास तरी थांबावं, नाहीतर रक्तात मुरलेल्या हवेचे बुडबुडे होतात. कान धरून आणायला गेलेले मामा एक दिवस जास्त राहिले!

परत आल्यावर खरी मजा. सफाचट ओठ घेऊन सावरगावात उतरले, तर जो तो जवळ येऊन हळू आवाजात विचारतोय, "कोण गेलं हो? कळवलं नाही…" एका म्हाताऱ्यानं तर खांद्यावर हात ठेवून डोळे पुसले. मामा सांगून सांगून थकले की सगळे खुशाल आहेत, समुद्रात गेलो होतो. तर लोकांना वाटलं, अस्थी घेऊन गेले होते.

गुरुजी मात्र गप्प गप्पच आले. सेल्युलर जेलमध्ये गेले होते ना. सात पाकळ्यांची इमारत होती, आता तीनच उरल्यात. सातशेच्या आसपास कोठड्या होत्या म्हणे, एकट्यानं राहायच्या. ४ जुलै १९११ ला सावरकरांना तिथे आणलं, हे गुरुजी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून शिकवत आले. पण त्या कोठडीत उभे राहिले आणि हात पसरून पाहिले, तेव्हा पोरगी म्हणते, बाबा कितीतरी वेळ बोललेच नाहीत. घरी आल्यावर आजींना एवढंच म्हणाले, "आई, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं." चला, तो विषय नको.

शंखाचं ऐकलंत? वरच्या आळीतल्या काकूंनी देवघरासाठी शंख सांगितला होता, महिनाभर आधी. पोरगी रिकाम्या हातानं आली. तिथल्या किनाऱ्यावरून शंख-शिंपले, पोवळ्याचे तुकडे उचलून आणता येत नाहीत, विमानतळावर सामानातून काढून घेतात, पोवळ्याला तर वाघासारखंच कायद्याचं संरक्षण. काकू म्हणाल्या, "असेल, असेल." पण तोंड पाहायला हवं होतं. पोरगी मागे फोनवर सांगत होती, मे महिन्यात पाणी तापलं की ते पोवळं पांढरं पडतं. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला खाऊ घालतं, रंगही त्याचाच. उष्णता सोसली नाही की ते शेवाळ निघून जातं आणि पोवळं उपाशी राहतं. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात फार मोठं नुकसान झालं होतं. हे ऐकताना तिचे काका, तेच, संत्र्याचे बागवाले, एकदम म्हणाले, "म्हणजे आमच्या आंब्या बहाराची गळ होते, तशीच." पहिल्यांदा पुतणीशी नीट बोलले हो ते.

आणि पावसाची गंमत तर राहिलीच! मे महिन्यात बातम्यांत काय सांगतात, मान्सून अंदमानात दाखल. वीस-बावीस मेच्या सुमारास. आपल्याकडे यायला जून अर्धा उलटतो, तरी तेव्हापासूनच सगळ्यांचे कान तिकडे. यंदा बातम्या कोणाला हव्यात? ज्यांनी ज्यांनी गुरुजींच्या पोरीला नावं ठेवली होती, त्यांचे फोन सुरू. मृग बहारासाठी बागेचं पाणी तोडून, ताण देऊन बसलेले लोक, त्यांचा जीव टांगणीला. "बेटा, ढग आले का?" "बेटा, वारा कुठून आहे?" ते काका, तेच, त्यांचा फोन दिवसाआड! एक दिवस ती म्हणाली, "काका, आज बोटी बंद ठेवल्यात, समुद्र खवळलाय आणि सकाळपासून धो धो." टीव्हीवर संध्याकाळी आलं. आपल्या आळीत दुपारीच पेढे.

आता सौसरच्या मंडळींनाही जाग आलीय. मुलाची आई आत्यांना म्हणाली, मुलगी धीट आहे, असं ऐकलं. आत्यांनी पोरीला विचारलं, तर ती म्हणते, आधी मुलाला पोहता येतं का विचारा. येत नाही! विहिरीवर डबा बांधून शिकतोय म्हणे, आत्या स्वतः पाहून आल्या.

बरं, मी जाते, वरण लागायचं माझं. पाऊस सरला की ऑक्टोबरात ती पुन्हा जाणार आहे, आणि यावेळी गल्लीतल्या कोणाला यायचं असेल तर सोय करते म्हणाली. तुमच्या ह्यांना आवडेल, पण त्यांच्या मिशांचं काय ते आत्ताच घरात ठरवून ठेवा.