बोट लागणे

मला बोट लागत नाही. हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं लग्नकार्यांत, कचेरीत आणि घाटात बस थांबवून लोक कडेला वाकलेले असताना जरा मोठ्यांदाच म्हणत आलो. पुरावा भक्कम होता. मी आठ महिन्यांचा असताना आई मला घेऊन जयगडहून भाऊच्या धक्क्याला आगबोटीने आली होती, आणि त्या अख्ख्या प्रवासात मी, तिच्याच शब्दांत, "शहाण्यासारखा झोपून" होतो. हे प्रमाणपत्र मी साठी उलटेपर्यंत वापरलं.

त्यामुळे कॅप्टनने चौतीस फुटी शिडाची यॉट मिळवली आणि "मुंबई ते जयगड, शंभरेक सागरी मैल, येतोस?" असं विचारलं, तेव्हा मी आधी टोपी विकत घेतली आणि मग हो म्हटलं. पांढरी, पुढे सोनेरी नांगर असलेली टोपी. "बँडमध्ये लागलात का?" एवढंच बायकोने विचारलं. कॅप्टन हा बँकेतून निवृत्त झालेला कॅप्टन. शिडं हाकायचा कोर्स केल्यापासून त्याला नावाने हाक मारलेली चालत नाही. सोबत डॉक्टर होता, म्हणून तिघांच्याही घरचे निर्धास्त होते. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुपारी बाराला गेटवे सोडलं. काशाच्या खडकाच्या बाजूला बघत कॅप्टन म्हणाला, "रामदास इथेच." १७ जुलै १९४७. रेवसला निघालेल्या त्या बोटीबरोबर सहाशेहून जास्त माणसं गेली. कुणीच काही बोललं नाही. मी टोपी काढून हातात धरली. मग डॉक्टरने चिवड्याचा डबा उघडला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

वायव्येचा वारा धरला तशी यॉट एका कुशीवर कलली आणि पाच नॉटने पळू लागली. पाच नॉट म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. अलिबागच्या रस्त्यावर यापेक्षा जोरात सायकली जातात. पण पाण्यावर वेग अंगाला कळतो. दोर ताणून कुरकुरत होते, शिडाचं पोट फुगलं होतं आणि समोर खांदेरी दिसत होती. अशा वेळी मराठी माणसाच्या तोंडून इतिहास बाहेर पडतोच. मी डोलकाठीला एक हात टेकवून सुरू केलं. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, इंग्रज आणि सिद्दी कसे आडवे आले, मग सिद्द्याने शेजारची उंदेरी कशी धरली, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या दस्तकाशिवाय या किनाऱ्याने जायचं म्हणजे जहाजावर पाणी सोडायचं...

'दस्तक' हा माझा शेवटचा स्पष्ट शब्द. त्यानंतर तोंडून जे बाहेर पडलं त्याला इतिहास म्हणता येणार नाही.

इथे जरा थांबून 'लागणे' या क्रियापदाकडे बघायलाच हवं. कठड्यावर ओणवा असताना मला दुसरं काम नव्हतं. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नाद लागतो, नजर लागते, वर्णी लागते, निकाल लागतो. यातलं आपण काहीच करत नाही. ते येऊन आपल्याला लागतं. आंबा झाडाला लागतो आणि दूध पातेल्याला. पण बोट? बोट धक्क्याला लागली तर लोक आनंदाने पुढे धावतात. तीच बोट माणसाला लागली तर लोक मागे सरकतात. क्रियापद तेच, बोट तीच. आणि गंमत म्हणजे गाडी लागणाऱ्याला थांबा मिळतो, उतरून लिंबू हुंगता येतं. बोट लागलेल्याने उतरायचं कुठे? नेल्सनसारखा आरमारी सेनापती, पण त्यालाही आयुष्यभर बोट लागायची. डार्विन तर 'बीगल'वर पाच वर्षं होता आणि त्याचं पोट तिला शेवटपर्यंत सरावलं नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या पंगतीत आपलं पान आलं, असं मी स्वतःला सांगत होतो. पण पंगत हा शब्द मनात आल्याबरोबर पुन्हा वाकावं लागलं.

डॉक्टरने कारण सांगितलं. "आतला कान म्हणतो हलतंय, डोळा म्हणतो केबिन जागच्या जागी आहे. मेंदूला कळत नाही कोणाचं खरं."

"मग पोटाचा काय संबंध?"

"एकत्र कुटुंब," डॉक्टर म्हणाला. औषध विचारलं तेव्हा त्याने उन्हाने चट्टे पडू नयेत म्हणून लावायचं मलम दिलं.

रात्री मुरूडच्या समोर वारा पडला. मतलई सुटायला अजून अवकाश होता, म्हणून इंजिन लावलं. सुकाणूवर मी होतो, कारण बसून करायचं तेवढं एकच काम होतं. जाळ्याचे बोये मला दिसले नाहीत. इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. पंख्यात जाळं.

एक मचवा बॅटरीचा झोत टाकत आला. त्यावर एक पोरगा उभा होता. कॅप्टन ओरडला, "ए! दिवे लावता येत नाहीत का रे?" बँकेत कर्ज थकवणाऱ्यालाही त्याने कधी अरे-तुरे केलं नसेल. जाळं त्यांचं, फाडलं आम्ही, आणि आवाज आमचा चढलेला. मला भयंकर राग आला. निम्मा कॅप्टनचा, निम्मा माझा. कारण दुपारी तासभर मी ज्या आरमाराची टिमकी वाजवत होतो ते ज्यांनी वल्हवलं त्यांच्यातलाच हा पोरगा असणार, आणि मी गप्प बसलो होतो. तो काही बोलला नाही. कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला, अर्धा तास बुड्या मारत होता. कोयता न चालवता त्याने बोटांनी एकेक फेर सोडवला, म्हणजे जाळं निदान शिवता येईल. नुकसानीचे पैसे ठरले, दिले. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, आत नका जाऊ. भायेरच बसा आणि किनाऱ्याच्या दिव्याकडं बघा." आणि फडक्यात बांधलेली अर्धी सुकी भाकर माझ्या टोपीत ठेवली. टोपीचा तेवढाच उपयोग झाला.

दिव्याकडे बघत रात्रभर बाहेर बसलो. भाकरी पोटात राहिली. जमिनीकडून मतलई आली, शिडं पुन्हा भरली आणि डोकं जरा ताळ्यावर आलं. तेव्हा आई डोळ्यांसमोर आली. बावीस वर्षांची, तळच्या डेकवर, वळकटी टाकून, आजूबाजूला ओकणारी माणसं, कोंबड्या, फणस. मांडीवर मी. मी झोपलो होतो, हे तिने मला शंभरदा सांगितलं. तिचं काय झालं होतं, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयगडच्या खाडीत शिरलो. धक्क्यावर पाय ठेवला तर आता जमीन हलत होती. फोन वाजला.

"बोट लागली का रे?" आईने विचारलं.

"लागली."

"आवाज असा का?"

"आई, तुला लागायची का गं? मला आणलंस तेव्हा?"

पलीकडे जरा वेळ फक्त पंख्याची घरघर ऐकू आली. "मांडीवर तू. मला लागून कसं चाललं असतं?" ती म्हणाली. "ते राहू दे. किती जण आहात? भात किती टाकू?"

"माझा नको," डॉक्टर मागून म्हणाला. त्याचा चेहरा त्याच्या मलमाच्या रंगाचा झाला होता.