राउटरमधल्या श्रीयुत मदतनीसास

रा. रा. एसआयपी एएलजी यांस,
मुक्काम आमच्या ऑफिसचा राउटर, 'ॲडव्हान्स्ड' मेनूच्या पोटात कुठेतरी खाली.

स. न. वि. वि.

परवा आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात नारायणगावच्या एका टोमॅटो व्यापाऱ्याचा फोन आला. काउंटरवरच्या मुलीने उचलला, "हॅलो, हॅलो" केलं, पलीकडे चिडीचूप. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "ठेव गं, टवाळ कार्टं असेल." तिने ठेवला. थोड्या वेळाने तेच गृहस्थ मोबाइलवर कडाडले, "कार्टं कुणाला म्हणता? माझी गाडी वाशीला खोळंबलीये, माल नासतोय!" त्यांना आमचा शब्द न् शब्द ऐकू जात होता, आम्हाला त्यांचा एकही नाही. या कामगिरीबद्दल आपले जाहीर आभार मानावेत म्हणून हा पत्रप्रपंच.

आपण पडले प्रसिद्धिपराङ्मुख, तेव्हा आपल्या कार्याची ओळख मीच करून देतो. ऑफिसातल्या इंटरनेट फोनला राउटर १९२.१६८.१.२० असा आतला पत्ता देतो. पॅकेट बाहेर पडताना राउटर त्यावर ऑफिसचा बाहेरचा पत्ता घालतो. या प्रकाराला नॅट म्हणतात आणि इथवर कुणाची तक्रार नाही. पण फोन पॅकेटच्या आतल्या मजकुरातही लिहून पाठवतो, की माझ्यासाठीचा आवाज अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर पाठवा. तिथे तो आपला आतलाच पत्ता लिहितो, जो बाहेर कुणाच्या कामाचा नाही. हे पाहून आपलं अंतःकरण द्रवतं. आपण मजकूर उघडता, पत्ता खोडता, पोर्ट खोडता, आपल्या मते योग्य ते लिहिता आणि पुढे धाडता. सोसायटीच्या वॉचमनने सगळ्यांची पत्रं फोडून त्यात सुधारणा कराव्यात, तसं.

आता गंमत अशी, की फोन कंपनीचा सर्व्हर काही काल जन्मलेला नाही. आतला पत्ता दिसला की तो ओळखतो, फोन नॅटमागे आहे. मग लिहिलेल्या पत्त्याकडे काणाडोळा करून, जिथून आमचा आवाज येतोय तिथेच पलीकडचा आवाज परत पाठवतो. आपण मात्र इतकी सुबक दुरुस्ती केलेली असते, की तो बिचारा फसतो. त्याला वाटतं, फोन थेट इंटरनेटवरच आहे. तो इमानाने आपण लिहिलेल्या पोर्टवर आवाज पाठवतो आणि ते पोर्ट उघडायला आपण विसरलेले असता. वायरशार्क हे पॅकेट तपासायचं सॉफ्टवेअर लावून राउटरच्या आतलं आणि बाहेरचं पॅकेट शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. आत एक पोर्ट, बाहेर भलतंच. नारायणगावचा आक्रोश आपल्या दारापर्यंत येऊन तिथेच संपत होता.

कधी आवाज दोन्हीकडे नीट येतो. तेव्हा आपण दुसरी कला दाखवता. फोन उचलल्याची पोच आपल्या खाडाखोडीत हरवते. नियमाप्रमाणे आमचा फोन तिची ३२ सेकंद वाट पाहतो आणि लाइन तोडतो. ३२ सेकंदांत माणसाचं नाव होतं, गाव होतं, गाडीचा नंबर निम्मा होतो.

तक्रार केली, तर इंटरनेटवाला म्हणतो लाइन ओके आहे, फोन बघा. फोनवाला म्हणतो नेटचा प्रॉब्लेम आहे. दोघं मिळून सांगतात, रीस्टार्ट करून बघा. तुझं नाव कुणाच्या तोंडी नाही! अरे, तू सुरू आहेस हे कुणी सांगितलं का आम्हाला? राउटर खोक्यातून निघतो तोच तुला घेऊन. काही राउटरांत तर तुला बंद करायचा टिकमार्कसुद्धा दिलेला नसतो. लोक नवे फोन घेतात, केबल बदलतात, काउंटरवरच्या मुलीला "नीट बोलत जा" म्हणून झापतात, आणि तू आत निवांत खाडाखोड करत बसलेला!

असो. तुझ्यावर किती चिडणार? ३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटी पत्ते मावतात. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर १९९४ साली नॅट कागदावर आलं, तेही तात्पुरता उपाय म्हणून. १९९९ साली एसआयपीचं, म्हणजे इंटरनेट फोन ज्या नियमांनी कॉल जोडतात त्यांचं, पहिलं मानक आलं. त्यात फोनने स्वतःचा पत्ता मजकुरातच लिहायचा, मध्ये असलं कुणी येईल हे गृहीतच नाही. त्या दोघांचं जमेना, म्हणून तुला मधे उभं केलं. तेव्हा सर्व्हरांना ही अक्कल नव्हती आणि तुझी खरंच गरज होती. पुढे सगळे शहाणे झाले. तुला निवृत्तीचं पत्र द्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

ते काल मी दिलं. टिकमार्क काढला, सेव्ह केलं. फर्मवेअर अपडेट झाल्यावर तू पुन्हा उगवशील, हे मला माहीत आहे. म्हणून फोनचं सिग्नलिंग आता टीएलएसवर, ५०६१ पोर्टवर नेतोय. मजकूर कुलूपबंद जाईल. वाचून दाखव.

कळावे,
१९२.१६८.१.२०
(बाहेरून या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.)