तबकडीकाका

खोपोली लोकलमध्ये छातीशी पिशवी कवटाळून उभा असलेला, धक्का लागला की धक्का देणाऱ्याकडे न बघता आधी पिशवीकडे बघणारा साठीतला माणूस दिसला, तर त्याला बसायला जागा द्या. एकदा एका बाईंनी आपुलकीने विचारलं होतं, "काका, तवे का?" काका म्हणाले, "१९१२ चे आहेत." बाई पुढच्या स्टेशनला डबा बदलून गेल्या.

खालापूर तालुक्यात का राहता, असं विचारलं तर कोणी हवा सांगतं, कोणी कंपनीतली नोकरी, कोणी महडचा वरदविनायक. आमचे तबकडीकाका सांगतात की मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथून जवळपास सारख्याच अंतरावर पडतात. शुक्रवारी पहाटेची लोकल, रविवारी घाट चढून एसटी. एक्सप्रेसवेच्या टोलनाक्यावरून रोज हजारो माणसं याच दोन शहरांमध्ये ये-जा करतात, पण भंगारासाठी दोन्हीकडे समभाव राखणारा माणूस मी हा एकच पाहिला.

काकांकडे हजारभर रेकॉर्डी आहेत, आणि काका गाणं ऐकत नाहीत. ते लेबल ऐकतात. लेबलाच्या कडेला कोरलेला बारीक नंबर भिंगातून वाचताना त्यांचा चेहरा असा होतो, जसा इतरांचा भैरवीला होतो. अगदी सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूने वाजायच्या. तशी एखादी मिळाली की काका सगळ्यांना आधी मागची बाजू दाखवतात. "बघ, काही नाही!" बाजारात अर्धा माल कमी मिळाल्याचा आनंद मानणारं हे एकमेव गिऱ्हाईक.

या छंदातले वादही ऐकण्यासारखे असतात. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची रेकॉर्ड म्हणतात खरी, पण जुन्या काळी हा आकडा कंपनी पाळायचीच असं नाही. चारेक फेऱ्या इकडेतिकडे झाल्या की जवळजवळ अर्धा स्वर चढतो किंवा उतरतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, पण ते नेमके कुठल्या पट्टीत गायले, हे काका आणि त्यांचे पनवेलचे मित्र अजून ठरवताहेत. गेल्या दिवाळीत मित्र "शहात्तर" म्हणून उठून गेले, ते फराळाला परत आले नाहीत.

घाटाच्या पायथ्याचा पाऊस हा काकांचा खरा वैरी. जूनपासून आमच्याकडे पापडापासून पासबुकापर्यंत सगळ्याला बुरशी येते, तर रेकॉर्डींची काय कथा. म्हणून कपाटात चार महिने साठचा दिवा जळत असतो. काकूंचे कपडे दोरीवर आंबतात, बालगंधर्व कोरडे असतात. त्यातून एकदा घरी कपाटाला पॉलिश करायला आलेल्या सुताराने हौसेने दोन रेकॉर्डीही स्पिरिटने पुसून दिल्या. जुन्या रेकॉर्डी लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते; त्याच्या डब्यातलं पॉलिशही तसंच झालेलं. फडक्यावर काळा डाग उमटला तेव्हा सुतार खूश झाला, "बघा किती मळ होता." तो मळ म्हणजे एका नाट्यपदाचा अंतरा होता.

प्रत्येक संग्राहकाचं एक न सापडणारं हरीण असतं. अल्लादिया खाँसाहेबांनी आपलं गाणं तबकडीवर चढू दिलं नाही, हे संगीताची आवड असलेलं पोरही सांगेल. काकांच्या मते एक आहे. कुठल्या तरी वाड्याच्या माळ्यावर, गोणपाटात. त्या खबरीमागे ते एकदा इर्शाळगडाच्या बाजूला भर उन्हात पाच किलोमीटर चालले. गोणपाट होतं, रेकॉर्डीही होत्या. घरी येऊन लावल्या तर लिंग्वाफोनचे फ्रेंच भाषेचे धडे. तेव्हापासून काका दारावर आलेल्या भाजीवालीला अधूनमधून "बों जूर" म्हणतात. तिला वाटतं, ते भाव विचारताहेत.

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र अंतराळात आहे. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीत केसरबाई आहेत आणि मराठीत नमस्कारही. त्यातली एक आता २४ अब्ज किलोमीटरच्या पलीकडे गेली. इतर लोक हे ऐकून अंतर्मुख होतात. काका म्हणाले, "सोळा फेऱ्यांची आहे ती. माझ्या जुन्या प्लेअरला सोळाचा स्पीड आहे." थोडा वेळ विचार करून म्हणाले, "आणि त्यांनी सोबत सुई दिलीय. इथे विकणारा सुई आधी काढून घेतो."

दुर्मीळ म्हणजे काय, हे मला मात्र एका दुपारी कळलं. काकांचं घर पळसदरीजवळ, रुळांच्या अंगाला. लंडनच्या आर्गो कंपनीने वाफेच्या इंजिनांच्या आवाजाच्या तबकड्या काढल्या होत्या, त्यातली एक मिळाली म्हणून आम्हाला बोलावणं. चहा ठेवला, श्वास रोखला, इंग्लंडातलं इंजिन चढ चढू लागलं. तेवढ्यात मागून खरी मालगाडी आली. बोरघाट चढवायला कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, ती रेटा देत चाललेली. कपबशा नाचल्या, सुई उडाली. काका संतापून ओरडले, "खिडकी लाव रे! गाडीचा आवाज ऐकू येत नाहीये!"

काकूंनी खिडकी लावली. इतकी वर्षं त्याच लावतात.

परवा जुलैतल्या धो धो पावसात लाइट गेली. इन्व्हर्टर मेले, मोबाइल झोपले, आणि सगळी वाडी काकांच्या ओट्यावर जमली, कारण चावीच्या फोनोला विजेची गरज नाही. काकांनी चावी दिली, नवी सुई लावली आणि आमच्यासाठी चक्क गौहरजान काढली. १९०२ साली कलकत्त्यात ज्यांचा आवाज तबकडीवर घेतला, त्या गौहरजान. कर्ण्यातून आधी तळणीचा आवाज आला, मग लांबून, विहिरीतून यावा तसा गळा. पोरंसुद्धा गप्प. इतक्यात भपकन लाइट आली. पंखे फिरले, कुठेतरी मालिका जिथे थांबली होती तिथून रडायला लागली. माणसं चपला शोधू लागली. काकांनी सवयीने रेकॉर्डीचा खोका उचलून नंबर बघायला सुरुवात केली.

दारातल्या काकूंनी हात आडवा धरला. "थांबा की जरा. शेवटी बाई आपलं नाव सांगते."