लिंक लागली, फोटो गेले

कामठीत राहणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरात दोन गोष्टींची कधी टंचाई नसते. एक धूळ, आणि दुसरे ड्रॅगन पॅलेसचे फोटो. धुळीचं सोडा, ती आपल्या कर्माने येते. फोटोंचं मात्र असं आहे, की पुण्या-मुंबईकडचं कोणी नागपूरला आलं, दीक्षाभूमी पाहून झाली, संत्रा बर्फी घेऊन झाली आणि तरी गाडीला वेळ उरला, की नागपूरचे नातेवाईक त्यांना आमच्याकडे धाडून देतात. आमच्याकडे दाखवायला काय, तर १८२१ मध्ये इंग्रजांनी वसवलेली छावणी, जिथे कॅमेरा बाहेर काढण्याआधी चारदा विचार करावा लागतो. कन्हान नदी, जिच्यात मे महिन्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसते. आणि जपानच्या नोरिको ओगावा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, १९९९ पासून दिमाखात मिरवणारं ते देखणं बुद्धविहार, ड्रॅगन पॅलेस. मग काय, सगळे तिथेच उभे राहतात, मागे तेच विहार, पुढे तोच मी. फोटो काढणाऱ्याला मी मध्ये नको असतो, पण वाटाड्याला बाजूला हो कसं म्हणायचं!

तर या फोटोंची व्यवस्था लावायची असं निवृत्तीनंतर मी मनावर घेतलं. एकच फोटो 'ड्रॅगन पॅलेस' या फोल्डरमध्ये हवा, ज्या वर्षी काढला त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये हवा, आणि शिवाय 'सासरची मंडळी' नावाच्या फोल्डरमध्येही हवा, कारण तो नसला तर काय होतं हे मी लग्न झाल्यापासून जाणतो. मी प्रत्येक फोटोच्या कॉप्या मारत सुटलो आणि डिस्क तुडुंब भरली. तेव्हा नागपूरहून भाचा आला. आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू त्यानेच टाकून दिलेलं होतं, त्यामुळे त्याच्या तब्येतीची जबाबदारीही तो आपलीच समजतो.

"मामाजी, तुम्ही काहून इतक्या कॉप्या मारून राहिले? लिंक टाका ना."

मी मान डोलावली. समजलं नसताना मान डोलावणं हे माझं सरकारी नोकरीतलं एकमेव कौशल्य, आणि त्यावर मी पेन्शनपर्यंत पोचलो.

पण भाच्याने ती मान ओळखली. तो म्हणाला, "हे पाहा. तुम्हाला घरी नाना म्हणतात, पेन्शनच्या पासबुकात दुसरंच नाव आहे. माणूस एकच ना? ही झाली हार्ड लिंक. खरी फाईल डिस्कवर एका नंबराने पडून असते, त्या नंबराला आयनोड म्हणतात, आणि फोल्डरमध्ये आपण वाचतो ती नुसती नावं. एक नाव खोडलं तरी फाईल जिवंत राहते, शेवटचं नाव खोडलं की मगच ती जाते."

"अजी, भरल्या घरात असं अभद्र काय बोलता?" ही आतून ओरडली. बोलला भाचा होता, पण आमच्या घरात आरोपी ठरलेला आहे.

"आणि सिम्बॉलिक लिंक म्हणजे तुमच्या शेजारच्या काकू," भाच्याने आवाज उतरवून पुढे सांगितलं. "कोणी विचारलं तर त्या तुमचा पत्ता सांगतात, बस. तुम्ही घर बदललं तरी काकू जुनाच पत्ता सांगत बसतील. आणि काकू गावाला गेल्या म्हणून तुम्हाला काही होत नाही."

मग त्याने कागदावर दोन आज्ञा लिहून दिल्या. नुसतं एलएन लिहिलं की हार्ड लिंक, पुढे वजाचं चिन्ह देऊन एस लावला की सिम्बॉलिक. एलएन तर युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलपासून आहे, सिम्बॉलिक लिंक मात्र बर्कलेच्या मंडळींनी १९८३ च्या आवृत्तीतून सगळ्यांच्या हाती दिली, अशी माहितीही जाता जाता पुरवली. म्हणजे १९८३ पर्यंत माणसाला चुकीचा पत्ता मिळायची सोयच नव्हती. किती सुखी लोक.

भाचा गेला, मी आधीच्या कॉप्या पुसल्या आणि टर्मिनल उघडलं.

पहिली भानगड झाली ती क्रमाची. एलएनला आधी खरी वस्तू सांगायची असते, नंतर लिंकचं नाव. विंडोजवाल्यांनी व्हिस्टामध्ये एमकेलिंक नावाची आज्ञा दिली तिच्यात नेमकं उलटं आहे, आधी लिंक, मग वस्तू. दोन्हीबद्दल कुठेतरी वाचलेलं असल्यामुळे माझ्या डोक्यात दोन्हींची खिचडी होती. मला डेस्कटॉपवर 'ड्रॅगन' नावाची लिंक हवी होती. मी नावं उलटी दिली. कॉम्प्युटर एक शब्द बोलला नाही. मी खूश. डेस्कटॉपवर पाहतो तर काही नाही. मी पुन्हा जोर लावला, तर आता मात्र ती लिंक आधीपासूनच आहे म्हणून तो कुरकुरला. कुठे आहे? तर 'ड्रॅगन पॅलेस' फोल्डरच्याच पोटात शिरून बसलेली, डेस्कटॉपवरच्या नसलेल्या वस्तूचा पत्ता सांगत, लालभडक रंगात. सिम्बॉलिक लिंक काढताना समोरची वस्तू खरोखर आहे की नाही हे कोणी तपासत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. स्थळं पाहतानाही आमच्याकडे यापेक्षा जास्त चौकशी करतात.

क्रम पाठ केला. आता फोटोंच्या फोल्डरमध्येच जाऊन बसलो, फोटोचं नुसतं नाव दिलं, आणि लिंक डेस्कटॉपवर टाक म्हणून सांगितलं. या खेपेला ती डेस्कटॉपवर आली, त्याच नावाने आली, डौलात आली. उघडायला गेलो तर सिम्बॉलिक लिंकच्या पायऱ्या फार झाल्या असा इंग्रजीत निरोप. मी तर एकच पायरी बांधली होती! मग उलगडा झाला तो असा: लिंकमध्ये अपुरा पत्ता दिला, तर तो आपण बसलो आहोत तिथून मोजत नाहीत, लिंक जिथे आहे तिथून मोजतात. डेस्कटॉपवरची 'लग्न' नावाची लिंक डेस्कटॉपवरच 'लग्न' शोधत होती, आणि तिथे त्या नावाची एकच वस्तू होती, ती स्वतः. लिनक्स बिचारा चाळीस लिंकांपर्यंत माग काढतो आणि मग हात टेकतो. म्हणजे मी अशी वस्तू निर्माण केली होती, जी काही विचारलं की स्वतःकडेच बोट दाखवायची. ऑफिसात उलट असायचं.

यावर उपाय सोपा आहे, पत्ता मुळापासून पूर्ण लिहायचा. पण सोप्या उपायांवर माझा विश्वास नाही. मी ठरवलं, या पत्त्याबित्त्याच्या भानगडीतच पडायचं नाही, आपण आपल्या हार्ड लिंका बऱ्या.

हार्ड लिंकचा पहिला उपयोग मी फोटोंसाठी केला नाही, हे सांगायला थोडा संकोच वाटतो. माझ्या हिशेबाच्या फाईलमध्ये मेहुण्याला उसन्या दिलेल्या पैशांची नोंद होती आणि ती हिच्या नजरेस पडू नये अशी माझी इच्छा होती. तेव्हा त्या फाईलला 'घरखर्च' नावाची एक हार्ड लिंक काढली, 'घरखर्च' नॅनो एडिटरमध्ये उघडली, मेहुण्याची ओळ उडवली आणि सेव्ह केली. दाखवायला 'घरखर्च', जपायला मूळ फाईल. केवढा समाधानाचा क्षण होता तो! संध्याकाळी मूळ फाईल उघडली, तर तिथूनही मेहुणा गायब. नावं दोन असली तरी फाईल एकच, हे मला सांगून झालेलं होतं, मी त्यावर मानही डोलावली होती. काही एडिटर सेव्ह करताना नवी फाईल लिहून जुनीच्या जागी बसवतात, तिथे हार्ड लिंकची जोडी फुटते आणि मूळ मजकूर शाबूत राहतो; नॅनो मात्र त्याच फाईलवर लिहितो. थोडक्यात, हार्ड लिंक म्हणजे बॅकअप नव्हे. मला रक्कम नीटशी आठवत नाही आणि मेहुण्याला तर मुळीच आठवत नाही.

मग पेन ड्राइव्हवर हार्ड लिंक काढायला गेलो, तर ती एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जात नाही असं बाणेदार उत्तर मिळालं. बरोबरच आहे, नंबर त्या-त्या डिस्कपुरते असतात. सिम्बॉलिक काढून पाहिली, तर तो पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीचा, त्याला लिंक हा प्रकारच ठाऊक नाही. अखेर पुण्याच्या मुलीला फोटो मेलनेच पाठवायचे ठरवले. निवडक फोटोंच्या सिम्बॉलिक लिंका एका फोल्डरमध्ये गोळा केल्या, पत्ते पूर्ण लिहिले, क्रम बरोबर ठेवला, टार नावाच्या आज्ञेने सगळ्याचं एक गाठोडं बांधलं, आणि पाहतो तर एवढाल्या फोटोंचं गाठोडं काही केबींमध्ये मावलेलं! विज्ञान कुठल्या कुठे गेलं म्हणून मी हिला बोलावून दाखवलं. रात्री मुलीचा फोन आला, "बाबा, यात नुसते पत्ते आहेत, आणि सगळे आपल्या कामठीच्या घरचे." टारला एच अक्षर जोडलं असतं तर त्याने लिंकमागचे खरे फोटो घेतले असते. पुण्यात बसलेल्या पोरीला मी कामठीच्या डिस्कवरचे रस्ते पाठवले होते.

आणि मग तो रविवार आला. भाचा जेवायला यायचा होता. माझे पराक्रम त्याच्या नजरेस पडण्याआधी डेस्कटॉप लख्ख करावा म्हणून मी बसलो. 'ड्रॅगन' नावाची लिंक आता तिथे व्यवस्थित उभी होती, तीच आधी काढू म्हटलं. फोल्डर काढायचं तर आधी आतलं रिकामं करावं, मग फोल्डर काढावं, असा माझा सरळ हिशेब. म्हणून आरएम, वजा आरएफ, मग 'ड्रॅगन', मग तिरपी रेघ, आणि वर एक चांदणी. एंटर. लिंक जागेवरच होती. पुसलं गेलं होतं ते तिच्यापलीकडच्या खऱ्या फोल्डरमधलं सगळं. आरएमने पुसलेलं कचरापेटीतसुद्धा जात नाही. तिरपी रेघ आणि चांदणी न देता नुसतं आरएम आणि लिंकचं नाव लिहिलं असतं तर नुसती लिंक गेली असती. अनलिंक म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण चांदणी दिल्यावर मी आत शिरून झाडू मारला. किती वर्षांचे किती नातेवाईक त्या एका एंटरने विहारासकट नाहीसे झाले.

भाचा आला, त्याने भाताचा घास बाजूला ठेवला आणि खटाखट काहीतरी टाइप केलं. "मामाजी, एवढे फोटो कुठून उरले?"

हे माझं आणखी एक गुपित. 'बरे आलेले' नावाच्या फोल्डरमध्ये मी काही फोटोंच्या हार्ड लिंका काढून ठेवल्या होत्या. त्या फोटोंचं एक नाव पुसलं गेलं, पण दुसरं शिल्लक होतं, म्हणून त्यांच्यातला एकही पिक्सेल हलला नव्हता. एलएसला एल आणि आय जोडून भाच्याने मला दाखवलंसुद्धा, नंबर तोच, फक्त लिंकांची संख्या दोनावरून एकावर आलेली. लिंकने लिंकचं पाप धुतलं! मी कृतार्थ होऊन हिला हाक मारली. ही आली, चष्मा लावला, एकेक फोटो पाहत गेली. प्रत्येकात मी. केस काळे असलेला मी, पोट आत घेतलेला मी, विहाराच्या बरोबर मध्यभागी मी. हिचे भाऊ कडेला अर्धे कापलेले, आणि ही जिथे होती तिथे डोळे मिटलेली.

"अजी, बरे आलेले म्हणजे तुम्ही बरे आलेले?"

पुढचं जेवण शांततेत पार पडलं.

सुदैवाने हिने सगळे फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवले होते, कुठल्याही लिंकशिवाय, सरळ ठेवलेले. भाच्याने ते कॉम्प्युटरात उतरवले, बॅकअप म्हणून वेगळ्या डिस्कवर खरीखुरी कॉपी मारली, आणि माझ्यासाठी नियम लिहून भिंतीवर चिकटवले. लिंक काढल्यावर ती कुठे जाते ते रीडलिंकने पाहायचं. पत्ता पूर्ण लिहायचा. एलएनला एफ अक्षर कधी जोडायचं नाही, कारण मग त्या नावाची आधीची फाईल न विचारता उडते. लिंकच्या नावापुढे रेघ किंवा चांदणी दिसली की हात मांडीखाली घ्यायचा. शेवटच्या नियमाखाली त्याने दोनदा रेघ ओढली आहे.

शिवाय फाईल पुसायची परवानगी फाईलवर नसून ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर ठरते म्हणून फोटोंचं फोल्डर त्याने आतल्या फोटोंसकट हिच्या नावे करून टाकलं. मला तिथलं काही पुसता येत नाही, हार्ड लिंकही काढता येत नाही, दुसऱ्याच्या फाईलला ती काढू द्यायला हल्लीचा लिनक्स तयार नसतो. सिम्बॉलिक लिंका मात्र मी हव्या तितक्या काढू शकतो; नुसता पत्ता सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. आता कॉम्प्युटर माझ्या पेन्शनीतून घेतलेला, विजेचं बिल माझ्या नावाचं, टेबल माझं, खुर्ची माझी. आणि सुरू केल्यावर पडद्यावर दोन नावं येतात. वर 'मामी', खाली 'पाहुणा'.