पाव चमचा जिरं

उपनगरात सध्या माणसं बारीक होताहेत. लोकलच्या बाकावर चौथ्या सीटला बसून वर पेपर उलगडणारा इसम मी या पावसाळ्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी भेटणाऱ्यांचे गाल बसलेत, गळ्याशी कातडी लोंबतेय. काय करता, असं विचारलं की उत्तर तयार असतं. अंधेरीत ग्रीन टी. घाटकोपरला सूर्यास्तानंतर घास नाही. आणि आमच्या मुलुंडला जिऱ्याचं पाणी.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी 96 किलोंवरून 82 वर आले. लोकाग्रहास्तव (आग्रह कुणी केला ते मिनिट्समध्ये नाही) त्यांनी ग्रुपवर कृती टाकली. पहिले चार आठवडे पाव चमचा जिरं, आठवड्यातून एकदा, दर रविवारी. पुढचे चार आठवडे अर्धा चमचा. मग एक. मग 1.7. शेवटी 2.4, आणि तिथे मुक्काम.

आता मला सांगा, 1.7 चमचे जिरं आजवर कुठल्या आजीनं मोजलंय? चिमूटभर असतं, मूठभर असतं, अंदाजानं असतं. जिऱ्याला दशांश चिन्ह लागलेलं महाराष्ट्रानं प्रथमच पाहिलं. पण शंका कोण काढणार? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सराफाकडून काटा मागवला. साधं जिरं की शहाजिरं, यावर ए विंग आणि बी विंगची बोलचाल बंद झाली. भिजवायचं की उकळायचं, तांब्याच्या भांड्यात की काचेच्या, यावर रात्री बारापर्यंत मेसेज. आठवड्यातून एकदाच का, रोज का नाही, असं एकानं विचारलं, तर उत्तर आलं, ‘असर आठवडाभर टिकतो.’ वर सूचना होती: सुरुवातीला मळमळेल, बद्धकोष्ठ होईल, तळलेलं समोर आलं की नको वाटेल, घाबरू नये, जिरं लागू पडतंय. ज्या घरांत पोट बिघडलं की आधी जिऱ्याचा डबा उघडतात, त्या घरांत लोक जिऱ्यानं मळमळायची वाट बघत बसले. कुणाचंही वजन ग्रॅमभर हललं नाही. वाणी तेवढा सुधारला.

मग एका रविवारी सेक्रेटरींचा फ्रिज बंद पडला आणि एक पुडकं आमच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला आलं. ‘सासूबाईंचं औषध आहे. फ्रीझरमध्ये नको हं, गोठलं की फुकट जातं.’ पुडक्यात इंजेक्शनची पेनं होती. वर लिहिलेलं, सेमाग्लुटाइड, 2.4 मिलिग्रॅम. त्यांच्या सासूबाईंच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आलोय.

तर जिऱ्याचं शास्त्र असं आहे. पोटात अन्न गेलं की आतडं जीएलपी-1 नावाचं हार्मोन सोडतं. ते मेंदूला ‘बास’ म्हणून कळवतं, पण दोनेक मिनिटांत विरून जातं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच चिवट नक्कल, आठवडाभर ठाण मांडून बसणारी. म्हणून रविवार. जठर सावकाश रिकामं होतं, मेंदूतली खा-खा थंडावते, साखर चढली असेल तर स्वादुपिंड इन्सुलिन जास्त सोडतं. डोस पाव मिलिग्रॅमपासून पायरी-पायरीनं 2.4 पर्यंत नेतात. चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. 96 चे 15 टक्के म्हणजे साधारण 14 किलो. आमच्या जिऱ्यानं टक्केवारीसुद्धा चुकवली नाही! या घराण्यातलं पहिलं औषध 2005 साली बाजारात आलं, तेही अमेरिकेतल्या एका विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या रेणूवरून. त्या सरड्याचं नाव ग्रुपवर घ्यायला जीभ रेटली नसेल, हे मी समजू शकतो.

औषध घेतलं याचा राग नाही. डॉक्टरांनी तपासून दिलं असेल, साखर-रक्तदाब ताळ्यावर येत असेल, तर खुशाल घ्यावं. राग गणपतीतला आहे. आरतीनंतर याच गृहस्थांनी पहिल्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या पोरीच्या हातातल्या दुसऱ्या मोदकाकडे बोट दाखवून चारचौघांत म्हटलं, ‘तोंडावर ताबा हवा बाळ. माझ्याकडे बघ.’ पोरीनं मोदक ताटात ठेवला. तिला पीसीओडी आहे, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या जाड माणसाला आपण खादाड, आळशी, बेशिस्त म्हणत आलो. आणि आता हे औषध येऊन सांगतंय की बाबांनो, भूक ही नुसती मनाच्या निर्धाराची गोष्ट नाही, आत निरोप पोचवणारी रसायनं आहेत, कुणाला ‘बास’ लवकर ऐकू येतं, कुणाला येतच नाही. म्हणजे ती शिवी खोटी होती. तिचा खोटेपणा दर रविवारी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घ्यायचा, आणि सोमवारी तीच शिवी दुसऱ्याच्या पोरीला द्यायची? हा कोडगेपणा कुठल्या आतड्यातून स्रवतो, यावर संशोधन व्हायला हवं. महाग आहे म्हणून गुपचूप घेतो, ही सबबही आता चालायची नाही. मार्च 2026 मध्ये आपल्याकडे सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं.

शिवाय जिऱ्याच्या नावाखाली खरी माहितीही दडपली जाते. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रथिनं आणि व्यायाम लागतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंड सुजतं. औषध थांबवलं की वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलंय. हे स्टेशनजवळच्या टेलरलाही कळून चुकलंय. सेक्रेटरींची पँट आत घेताना तो जादा कापड कापत नाही, शिवणीत दुमडून ठेवतो.

वजन परत आलं की भेसळीच्या जिऱ्यावर खापर फुटेल आणि वाण्याला नोटीस जाईल. त्याआधी, सेक्रेटरीसाहेब, ग्रुपवर दोन ओळी टाका: औषधाचं नाव, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी घेऊ नये. त्या पोरीला वेगळा निरोप पाठवा, माफीचा. आणि ती सासूबाईंची पेनं कृपा करून घेऊन जा. आमच्याकडे श्रीखंडाला जागा नाही.