एकच माउस, साठ वाचक

वाचकाने क्लिक केल्याशिवाय पुढे न सरकणारी कथा ऑनलाइन वर्गात कशी शिकवतात? सोपं आहे. सर स्क्रीन शेअर करतात, सरच क्लिक करतात आणि साठ वाचक कॅमेरा बंद ठेवून ‘येस सर’ टाइप करतात. मायकेल जॉइसची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही १९८७ मधली हायपरटेक्स्ट कथा ज्याला त्याला वेगळ्या वाटेने नेते म्हणे. वर्गात मात्र सगळ्यांची वरात एकाच वाटेने जाते. शेवट ठरलेला नाही हे कळल्यावर चॅटमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘सर, मग परीक्षेला कुठला शेवट लिहायचा?’

निक मॉन्टफोर्टची २००९ मधली ‘तारोको गॉर्ज’ ही कविता तर संपतच नाही. प्रोग्रॅम तिच्या ओळी रचतच राहतो. तिचा सारांश, दहा गुण. तिचा कोड उचलून अनेकांनी आपापल्या कविता केल्या, त्याचं डिजिटल साहित्याच्या क्षेत्रात कौतुक होतं. विद्यार्थ्याने असं काही केलं की साहित्यचोरी पकडणारं सॉफ्टवेअर लाल होतं.

मुहूर्तही काय साधला! २०२० मध्ये जगभरचे वर्ग पडद्यावर आले आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ॲडोबीने आपल्या फ्लॅश या सॉफ्टवेअरला निरोप दिला. फ्लॅशवर रचलेल्या कितीतरी कलाकृती ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. काही रफलसारख्या एम्युलेटरने वाचवल्या. उरलेल्यांच्या नोट्सची पीडीएफ ग्रुपवर टाकलेली आहे. प्रिंट काढून ठेवा, पेपर तिच्यातूनच येतो.