अडत नसलेला धंदा

नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात फुकट काहीच उचललं जात नाही. ट्रकमधून चुंगडी उतरली की हमाली, काट्यावर चढली की तोलाई, विकली गेली की अडत. आणि याच हिशेबी आवारात एक माणूस शुक्रवारी रात्री परक्या लोकांच्या पिशव्या खांद्यावर घेतो, त्या लोकांना डोंगरावर नेतो, सोमवारी पहाटे मोजून परत आणतो आणि एक पैसा घेत नाही. बाजाराच्या मते हा एकतर संत असावा किंवा बसवाल्याकडून कमिशन खात असावा. बाजाराचा कल दुसऱ्या मताकडे आहे.

या माणसाला लीडरभाऊ म्हणतात. खरं नाव आधार कार्डावर असतं. तो एकच आहे असं समजू नका. प्रत्येक गिर्यारोहण मंडळात, प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये त्याची एक आवृत्ती असते. कळमन्याची आवृत्ती मिरचीच्या अडतीवर मुनीम असते, किंवा बाजाराबाहेरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या फाडते. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. गुडघ्याजवळची चेन उघडली की अर्धी होणारी पँट, त्यात एका पायाची चेन कायमची बिघडलेली. स्कूटरच्या हुकाला हिमालयात वापरायचा कॅराबिनर आणि त्यात अडकवलेली दुधाची पिशवी. वहीत मिरचीच्या नोंदी पुढून सुरू होतात, ट्रेकच्या मागून, आणि मार्चच्या सुमारास मधल्या पानावर दोन्हींची गाठ पडते.

शेठकडे शनिवारची सुटी मागण्याचा प्रसंग दर वेळी असा घडतो.

"शेठ, उद्या बॅच आहे."

"किती सुटते त्याच्यात?"

"काही नाही सुटत."

"मग काहून जातं बे?"

या प्रश्नाला लीडरभाऊंकडे उत्तर नाही. ते नुसते हसतात, आणि शेठचा कमिशनबद्दलचा संशय पक्का होतो.

नागपुरात राहून डोंगराचा नाद करणं सोपं नाही. झिरो माइलच्या खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे: १०२०.१७१ फूट. दशांश चिन्हापुढे तीन आकडे देण्याइतकी उंचीची हौस या शहराला तो खांब रोवल्यापासून आहे. उंची तेवढी नाही. सेमिनरी हिल्स नावाचा जो भाग आहे तिथे स्कूटर दुसऱ्या गिअरमध्ये चढते. पुण्या-मुंबईकडची मंडळी भेटली की "तुमच्याकडे डोंगर आहेत का हो?" असं विचारतात, आणि लीडरभाऊंचा चेहरा मिरचीचं पोतं फोडल्यासारखा होतो. मग ते इतिहास काढतात. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताची राजधानी नागपूर आणि उन्हाळ्याची राजधानी पचमढी. म्हणजे धूपगड आमचा, सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक, साडेतेराशे मीटर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, आम्ही इकडे आलो आणि डोंगर तिकडे राहिला. "वाटणीत आमाले कळसूबाई भेटली," असं ते म्हणतात, "पन थे राहते अहिल्यानगर जिल्ह्यात. तिले भेटाले रात्रभर रेल्वेत बसा लागते." कळसूबाई १६४६ मीटर आहे हे त्यांना मान्य आहे. पण इतक्या लांबच्या बाईवर जीव लावणं त्यांना जमलेलं नाही.

लीडरभाऊंच्या आयुष्याचे दोन कालखंड आहेत, बेसिकच्या आधीचा आणि बेसिकनंतरचा. बेसिक म्हणजे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतला अठ्ठावीस दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम. संस्था १९६५ची. तिच्याआधी, १९५४ साली, दार्जिलिंगची संस्था निघाली आणि तिथे एव्हरेस्टवीर तेनसिंग यांनी शिकवलं, हे ते पाव्हण्यांना पाणी देताना सांगतात. उत्तरकाशीत त्यांनी बर्फावर घसरून बर्फाच्या कुऱ्हाडीने स्वतःला थांबवायला शिकून घेतलं. या विद्येचा कळमन्यात उपयोग पडण्याचा योग अजून आलेला नाही. पुढे यूथ हॉस्टेलच्या एका हिमालयीन मोहिमेत ते स्वयंसेवक कॅम्प लीडर होते. लाकडं न जाळता फक्त दिवा लावून कॅम्पफायर करायचा, गाणी म्हणायची, बोर्नव्हिटा पिऊन वेळेवर झोपायचं, ही तिथली शिस्त त्यांना इतकी भिनली की पुतण्याच्या हळदीतही त्यांनी नऊ वाजता शिट्टी मारून लोकांना झोपायला पाठवलं होतं.

पण लीडरभाऊंना खरं पाहावं ते नवे लीडर घडवताना.

मंडळ वाढलं की एक लीडर पुरत नाही. मग स्वयंसेवक तयार करायचे ठरतं. हर्रास आटोपल्यावर, संध्याकाळच्या वेळी, शेडच्या आडोशाला वर्ग भरतो. शिकाऊ मंडळी पाहण्यासारखी असते. इंजिनीअरिंगची चार पोट्टी, ज्यांना लीडर व्हायचं ते टी-शर्टच्या पाठीवर तसं छापून मिळतं म्हणून. एक जिमवाला, ज्याचे दंड दोराला घाबरत नाहीत पण उंचीला घाबरतात. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, ज्यांना प्रत्येक गोष्ट लेखी हवी. आणि पारडीकडच्या एक काकू, ज्या का आल्या हे पहिल्या दिवशी कोणालाच कळलं नाही.

पहिला धडा गाठींचा. लीडरभाऊ बोलाईन शिकवत होते. ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो, पुन्हा बिळात जातो. पोट्ट्यांचा ससा दर वेळी झाडालाच फाशी घेत होता. बाजूला एक हमाल बिडी ओढत हे सगळं पाहत उभा होता. तो जवळ आला, दोर घेतला, बिडी तोंडातच ठेवून एका हाताने गाठ मारली आणि वर म्हणाला, "हे शिकाले इतके लोक लागते?" गाठ बरोबर तीच होती. ट्रकवर ताडपत्री बांधताना तो रोज मारतो. लीडरभाऊंनी त्याला तिथल्या तिथे मानद प्रशिक्षक केलं. त्याने तासाचे किती देणार ते विचारलं. ट्रेकिंगच्या क्षेत्रात मानधनाची मागणी करणारा तो त्या वर्गातला पहिला माणूस, आणि मला विचाराल तर सगळ्यात शहाणा.

दुसरा धडा वेळेच्या हिशेबाचा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८९२ साली नियम बांधून दिला: सपाटीला ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा. लीडरभाऊ हा नियम फळ्यावर लिहितात आणि खाली नागपुरी दुरुस्ती जोडतात. सावनेरला तर्री-पोहे, पाऊण तास. छिंदवाड्याला चहा, अर्धा तास. चहानंतर गायब झालेल्यांना पानठेल्यावरून गोळा करणे, वेगळा तास. नेस्मिथसाहेबांच्या बॅचमध्ये खर्रा घोटून घेणारा कोणी नसावा. डोंगरावर खर्रा बंद, हा मंडळाचा पहिला नियम आहे, आणि तो घाटात बस थांबली की आपोआप शिथिल होतो.

तिसरा धडा पुढे कोणी चालायचं याचा. पोट्ट्यांना वाटतं लीडर म्हणजे सगळ्यांच्या पुढे. तिथे त्यांची निराशा होते. पुढे वाट दाखवणारा असतो. सगळ्यात मागे टेल असतो, आणि त्याच्या मागे कोणीही राहता कामा नये. चाल ठरते ती सगळ्यात सावकाश चालणाऱ्यावरून. ज्याचा बूट फाटला, ज्याचं पोट बिघडलं, ज्याला आत्ताच सासूबाईंचा फोन आला, ते सगळे टेलच्या वाट्याला येतात. टेलला शिखरावरचा फोटो मिळत नाही, कारण तो पोचेपर्यंत फोटो काढून झालेले असतात. हे कळल्यावर चारपैकी दोन पोट्टी दुसऱ्या दिवशी आली नाहीत.

त्याच धड्यात काकू बोलल्या. म्हणाल्या, "आमच्या मंडळात मागचा मानूस सगळ्यात जुना ठेवतो. नवा मानूस मांगं ठेवला की तोच हरपते."

कोणतं मंडळ, असं साहेबांनी विचारलं, वहीत लिहून घ्यायला. तेव्हा उलगडा झाला. काकू नागद्वारच्या यात्रेला जाणाऱ्या. नागपंचमीच्या आधीचे काही दिवस पचमढीच्या जंगलातली ती वाट उघडी असते, आणि विदर्भातून माणसांचा लोंढा सातपुड्यात उतरतो. पाऊस, चिखल, निसरडे दगड, खोल दऱ्या, गुहा. नागपूरची मंडळं तिथे भंडारे लावतात, येईल त्याला जेवू घालतात. काकूंच्या सासूबाई अनवाणी जायच्या. महाशिवरात्रीला चौरागडावर खांद्यावरून त्रिशूळ नेऊन वाहणारे लोक तर वेगळेच. तिथे कित्येक मणांचे लोखंडी त्रिशूळ पायऱ्यांनी वर गेलेले आहेत आणि कोणत्याही संस्थेने त्यांना प्रमाणपत्र दिलेलं नाही. काकूंनी वर्षानुवर्षं गल्लीतल्या बायका नेल्या आणि आणल्या होत्या. कोणाला साखर आहे, कोण भिते, कोण भांडते, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, हे त्यांना पाठ होतं. लीडरभाऊ दीड तास जे 'ग्रुप डायनॅमिक्स' म्हणून शिकवणार होते ते काकूंनी पाच मिनिटांत सांगितलं आणि पदर खोचून पाणी प्यायल्या.

लीडरभाऊंचं मोठेपण इथे दिसलं. पत्रकावरून ते तास त्यांनी खोडले आणि म्हणाले, "काकू, तुमी टेलले राहा." मंडळात याहून मोठं पद नाही. जिमवाल्याला हे अजून समजलेलं नाही.

प्रत्यक्ष मोहिमेत लीडरभाऊंचा निम्मा वेळ माणसं मोजण्यात जातो. मोजायची त्यांची पद्धत बाजारातली आहे. धान्य मोजणारा मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लीडरभाऊही बसच्या दारात उभे राहून "लाभ, दोन, तीन" असं करत माणसं मोजतात. पहिल्या सीटवर बसणाऱ्याचं नाव पूर्ण ट्रेकभर लाभभाऊ पडतं. एकदा तिथे एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, पुढे त्यांच्या दवाखान्यात मंडळाचे लोक "लाभताई आहेत का?" असं विचारत जायचे. मोजणी एकने कमी भरली की बस हलत नाही. सगळे हादरतात, शिट्ट्या होतात, कोणी पानठेल्याकडे धावतो. बहुतेक वेळा लीडरभाऊंनी स्वतःला मोजलेलं नसतं.

धूपगडाच्या वाटेवर ते दुसरेच होतात. आवाज खाली येतो, पाऊल मोजून पडतं. दगडाखाली हात घालू नका, मोहोळ दिसलं तर गप्प निघा, अत्तर मारून आलेला कोण आहे तो मागे जा. एखाद्याचा चेहरा पाहून ते ओळखतात की याने पाणी प्यायलेलं नाही, आणि न विचारता मीठ-साखरेची बाटली पुढे करतात. ढग उतरले तर शिखर हाकेवर असताना बॅच फिरवतात. भरलेल्या पैशांचं काय, असं कोणीतरी म्हणतंच. त्यावर ते म्हणतात, "डोंगर उद्या इथंच राहीन. तुमचं नक्की नाही." आणि बॅच वर पोचलीच, तर तिथे जिप्सीतून गाडीरस्त्याने आलेलं एखादं कुटुंब भुट्टा खात सूर्यास्ताची वाट पाहत उभं असतं. त्यांच्यातला आजोबा विचारतो, "पैदल काहे को आए?" हा शेठचाच प्रश्न आहे, फक्त उंचीवर विचारलेला.

२०२१ साली राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार, सुरक्षेचे नियम. लीडरभाऊंना आनंद झाला, कारण हे सगळं आपण आधीपासून करतो असं त्यांचं म्हणणं. निवृत्त साहेबांना जास्त झाला, कारण आता फॉर्म आले. शेठने ते कागद हाती घेऊन नीट वाचले आणि विचारलं, "म्हणजे जोखीम पुरी तुझी अन् अडत शून्य?" व्यापारी माणसाने इतका वाईट सौदा आयुष्यात पाहिला नव्हता. त्या दिवसापासून त्याने कमिशनचा संशय सोडला आणि लीडरभाऊंच्या डोक्याची काळजी सुरू केली. गेल्या बॅचला त्याने संत्र्यांचं एक क्रेट फुकट पाठवलं. हमालीचे पैसे मात्र लावले.

एक गोष्ट आणखी सांगायची आहे. शेठची उधारी तीन जिल्ह्यांतून वसूल करून आणणारा हा माणूस, ज्याला पाहून भल्याभल्या व्यापाऱ्यांची मुलं "बाबा घरी नाहीत" असं सांगतात, त्याला ट्रेकचे पैसे मागता येत नाहीत. ग्रुपवर ते लिहितात, "ज्यांचे राहिले असतील त्यांनी सोयीने पाठवावे." त्यावर बारा जण अंगठा दाखवतात. ना नफा ना तोटा असं पत्रकावर छापलेलं असतं. त्यातला तोटा लीडरभाऊ घरी नेतात आणि बायकोला सांगतात की बसवाल्याने भाडं वाढवलं.

तेव्हा पुढच्या बॅचला नाव द्यायचं असेल तर हर्रास आटोपल्यावर शेडकडे जा. बूट घालून जा, गुडघा दुखत असेल तर आधीच सांगा, खर्रा घरी ठेवा. आणि पैसे बसमध्ये चढायच्या आधी हातात द्या. नंतर ते मागणार नाहीत.